यल्लाप्पाचं पातेलं

२००९ साल. शाहूपुरीच्या मागच्या अंगाला दोन गल्ल्या जिथं मिळतात, तिथलं नळकोंडाळं त्या वर्षी बंद झालं. घरोघरी नळ आले होते. आता कोंडाळ्याचं काम संपलं, असं पुरुषमाणसं म्हणाली. बायकांना मात्र महिन्याभरातच कळून चुकलं, की पाणी घरात आलं आणि आपण एकमेकींना दिसायच्या बंद झालो.

वरच्या गल्लीत शेतकऱ्यांची घरं होती. जमिनी राधानगरीकडं, गावाला. आणि इथं कुणाचं दुकान, कुणाचा दुधाचा रतीब, कुणाची नोकरी. खालच्या गल्लीत छप्पन सालानंतर बौद्ध झालेली घरं. कुणी महापालिकेत, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत मास्तर. कोंडाळ्यावर दोन्ही गल्ल्यांच्या घागरी एकाच रांगेत लागायच्या. पण ते पहिल्यापासून तसं नव्हतं. तानूबाई कुरणे लग्न होऊन खालच्या गल्लीत आली तेव्हा वरच्या गल्लीचं पाणी भरून झाल्यावर यांची पाळी यायची. ती रीत कुणी भाषण करून मोडली नाही. पाणी थोडं आणि बाया फार, त्यात भांडता भांडता रांग एक झाली.

वरच्या गल्लीच्या चिमणाबाई इंगवलेची आणि तिची ओळख या भांडणातलीच. तानूबाई सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून चिमणाबाई तिला तानूअक्का म्हणायची. तानूबाई हिला चिमणे म्हणायची, आणि फारच राग आला तर आकारामाची बायको.

तानूबाई सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती. चौऱ्याण्णव साली चिमणाबाईची पिशवी काढली, तेव्हा तानूबाई खाटेपाशी पेज घेऊन उभी राहायची आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय हलायची नाही. चिमणाबाईचा नवरा आकाराम तिथं बसून बायकोची उरलेली खिचडीही संपवायचा. "तुमच्या हाताला चव हाय बगा, तानूबाई," असं म्हणून ढेकर द्यायचा. दवाखान्यात कुणाला काही वाटत नाही. दुखणं घेऊन पडलेल्या माणसाला जात परवडत नाही.

तर कोंडाळं बंद झालं आणि तिथं कचरा पडायला लागला. तानूबाईला ते बघवेना. कोंडाळ्याचा तो कट्टा तिच्या नवऱ्यानं बांधलेला. यल्लाप्पा महापालिकेत गवंडी होता. आदल्याच वर्षी तो गेला. एक दिवस ती चिमणाबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"चिमणे, त्या जागंवर एक घर बांधू या."

"कुणाला ऱ्हायाला?"

"ऱ्हायाला न्हवं ग. बसायला. पोरींना अभ्यासाला. माझी नात संघप्रिया बघ, चौदाची हाय, घरात टीव्ही, पोरं, पावणंरावळं. वाचंल कुठं?"

आत पेपर वाचत बसलेला आकाराम म्हणाला, "बायकांना बसायला घर? मग सैपाक काय आम्ही करायचा?"

"करा की," तानूबाई म्हणाली. "उरलेली खिचडी संपवायला येतीच की तुमाला."

आकाराम हसला, आणि हसला म्हणून कामाला लागला. माणूस तसा वाईट नव्हता. नगरसेवकाच्या घरी दहा हेलपाटे त्यानंच घातले. जागा मिळाली. दोन्ही गल्ल्यांतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी विटा उचलल्या, बायांनी पाणी मारलं. एक मोठी खोली झाली, एक बारकी खोली झाली. लोक त्या घराला कोंडाळंच म्हणायला लागले.

हे घर कशासाठी, ते भिंतीवर लिहायचं ठरलं. तानूबाईनं सांगितलं, संघप्रियानं वहीत उतरवलं आणि तानूबाईचा मुलगा धम्मपाल, जो शाळेत चित्रकला शिकवायचा, त्यानं निळ्या रंगानं ते भिंतीवर काढलं: हे घर दोन्ही गल्ल्यांचं. इथं मुलींनी अभ्यास करावा, बायांनी बसावं, कार्याला भांडी न्यावीत आणि घासून आणावीत. इथं कुणी कुणाला विचारू नये, तू कुणाची.

शेवटचं वाक्य वाचून आकाराम म्हणाला, "हे कशाला? आपण काय विचारतोय व्हय कुणाला? उगंच बाहेरच्याला वाटंल, हितं काय तरी हाय."

मंडळींना ते पटलं. धम्मपालनं ते वाक्य पांढऱ्या रंगानं झाकलं. ऊन तिरकं आलं की खालची निळी अक्षरं पुढं कैक वर्षं दिसायची.

राहिली भांडी. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, भांडी भाड्यानं आणायची म्हणजे मांडववाल्याच्या पाया पडायचं. म्हणून ठरलं, ज्याला जमेल त्यानं एक मोठं भांडं कोंडाळ्याला द्यायचं. कुणी परात दिली, कुणी हंडा, कुणी झारे-डाव. आणि इथंच चिमणाबाईच्या तोंडून ते निघालं, ज्याच्यासाठी ती पुढं आयुष्यभर स्वतःची जीभ चावत राहिली.

"भांड्यांवर नावं घालू या की. देणाऱ्याचं नाव ऱ्हाईल."

त्यात वावगं काय होतं? आपल्याकडं रुखवतातल्या चमच्यावरसुद्धा नाव असतं. नाव नसलेलं भांडं म्हणजे चोरीचं. सगळ्या बायांनी माना डोलावल्या. त्यांत तानूबाईची मान सगळ्यांत आधी डोलली.

तिनं निवृत्तीच्या पैशातनं पितळेचं पातेलं घेतलं. कोंडाळ्यात त्याच्याएवढं मोठं दुसरं भांडं आलं नाही; दीडशे माणसांची आमटी एका वेळी व्हायची. नाव घालायला दोघी मिळून बाजारात गेल्या. भांड्याच्या दुकानापुढं बसलेला नाव घालणारा म्हातारा मशीन हातात घेऊन म्हणाला, "सांगा मावशी. कैलासवासी...?"

"कैलासाला कशाला जातील ते?" तानूबाई म्हणाली. "आमच्यात कालकथित म्हणत्यात. कालकथित यल्लाप्पा कुरणे यांच्या स्मरणार्थ. मोठं घाला. दुरनं वाचाय आलं पायजे."

म्हाताऱ्यानं मोठं घातलं. दुरून वाचता येत होतं.

दसऱ्याला कोंडाळ्याचं उद्घाटन झालं. दोन्ही गल्ल्यांचा तो सण. वर सोनं लुटायचं, खाली धम्मचक्राचा दिवस. पातेल्याची कल्हई राहिली होती, म्हणून त्या दिवशी ते आलं नाही. जेवण इतर भांड्यांत झालं, आणि सगळे एका पंगतीला बसले. तानूबाईचा चेहरा तेवढा पडलेला होता. चिमणाबाई तिच्या कानाशी म्हणाली, "अक्का, वाईट वाटून घेऊ नगंस. तुझ्या पातेल्यातला पैला घास मी खानार. लिवून ठेव."

भांड्यांच्या बारक्या खोलीची किल्ली चिमणाबाईकडं आली. ती तिनं कमरेला लावली.

दिवाळीनंतर वरच्या गल्लीतल्या झुंबरबाईच्या लेकीचं लग्न निघालं. ती भांडी न्यायला आली. पातेल्यापुढं उभी राहिली, ओठ हलवत नाव वाचलं आणि म्हणाली, "हे नगं. ते दुसरी दोन दे."

"का ग? ह्या एकात काम व्हतंय की."

"लई जड हाय बाई. कोण उचलायचं?"

चिमणाबाईनं दुसरी दोन दिली. तिच्या काही मनात आलं नाही, असं ती पुढं स्वतःला सांगायची. पण आलं होतं.

मग पौषानंतर एकजण आला, त्याला पातेलं फार मोठं वाटलं. एकीला ते बारकं वाटलं. एकीला कड वाकडी दिसली. एकानं सांगितलं, पितळेत आमटी लवकर उतरते. आणि शेजारचं, इंगवल्यांच्या नावाचं पितळेचंच पातेलं घेऊन गेला. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. सगळे गोड बोलून, चहा पिऊन गेले. नावं घातली नसती तर कोणतं कुणाचं ते कुणाला कळलं असतं? आता खोलीच्या दारातूनच कळत होतं.

खालच्या गल्लीची माणसं भांडी न्यायला आली की तीही ते पातेलं नेत नसत. "तानूआईचं हाय, जपून ऱ्हाऊ दे, मोठ्या कार्याला काढू," म्हणत. ते आदरानं म्हणत. पण पातेलं जागेवरच राहायचं.

दुसऱ्या वर्षी चिमणाबाईच्या घरीच पाळणा हलला. सून संयोगिताला मुलगा झाला, राजवीर. बारशाला तीनशे माणूस. चिमणाबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "आपण यल्लाप्पाचं पातेलं काढू या."

आकाराम दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "आपल्यात चालतंय ग. मला काय हाय त्याचं? पण सूनबाईच्या म्हायेरची मानसं येनार. कुनी तरी नाव वाचंल, ताटावरनं उठंल. पोराच्या बारशात कशाला?"

"दवाखान्यात खिचडी कुणाच्या हातची खाल्ली वो तुमी?"

"तवा तिथं नाव घातलं न्हवतं," आकाराम म्हणाला आणि गालावरचा साबण पुसला.

चिमणाबाई भांडली असती तर? ती भांडखोर बाई होती. पाण्याच्या एका घागरीसाठी तिनं लोकांच्या झिंज्या धरल्या होत्या. पण त्या दिवशी ती गप्प बसली. दुसरी भांडी निघाली. बारशाला तानूबाई आली, बाळाला झबलं आणलं, पोटभर जेवली, आणि आडून आडून विचारलं, "आमटी आपल्या पातेल्यातली व्हय ग?"

"व्हय की," चिमणाबाई म्हणाली.

पहिलं खोटं हे. तानूबाई उरलेली आमटी वाटी ओठाला लावून प्यायली.

मग खोट्याला खोटं लागत गेलं. तानूबाईचे गुडघे गेले होते, कोंडाळ्याच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. चिमणाबाई तिच्या दारात बसायची आणि तानूबाई विचारायची, पातेलं कुठं गेलतं? चिमणाबाई सांगायची. झुंबरबाईच्या धाकट्याच्या लग्नात बासुंदी केली. सातव्या गल्लीत नेलतं, डोहाळजेवणाला. एकदा तर तिनं बासुंदी करपली म्हणून आचाऱ्याला दिलेल्या शिव्याही ऐकवल्या. तानूबाई हसून हसून लोळायची. "आमचा म्हातारा जित्ता व्हता तवा कुनी चार घरात बोलवलं न्हाई," ती म्हणायची. "आता बघ, सगळ्या पंगती फिरतोय."

तानूबाईचं सगळं सुख आता या एका वाक्यात होतं, आणि चिमणाबाईला ते मोडवत नव्हतं. दया होती ती, असं ती म्हणायची. पण नुसती दया नव्हती. खरं सांगितलं असतं, तर मग बारशाचंही सांगावं लागलं असतं.

दरसाल दसऱ्याच्या आधी आपल्याकडं दसरा काढतात. घरातलं चिंधूक न् चिंधूक, भांडं न् भांडं धुऊन निघतं. कोंडाळ्याचाही दसरा निघायचा. सगळी भांडी बाहेर अंगणात यायची, दोन्ही गल्ल्यांच्या बाया चिंच आणि राख घेऊन बसायच्या. त्या दिवशी तानूबाईला खुर्चीत बसवून आणत. आता तिथं सगळी पातेली बुडाला काळी आणि यल्लाप्पाचं पातेलं सोन्यासारखं, हे कसं चालायचं?

म्हणून चिमणाबाई आदल्या दुपारी, सगळीकडं सामसूम असताना, कोंडाळ्याच्या मागं तीन विटा मांडायची. पातेल्यात पाणी भरायची, खाली शेणी आणि ओली लाकडं घालायची. धूर चांगला बसायचा. बुड काळं झालं की पाणी ओतून द्यायची. दुसऱ्या दिवशी बाया ती काजळी घासायच्या आणि तानूबाई खुर्चीतून सांगायची, "जोर लावा ग! वरीसभर राबलंय त्ये!"

असं आठ वर्षं चाललं. नवव्या वर्षी, २०१९ ला, महापूर येऊन गेला होता आणि नळाला चार-चार दिवस पाणी नव्हतं. दसरा तोंडावर. चिमणाबाईनं विचार केला, दोन मिनिटांचा तर प्रश्न. पातेलं रिकामंच विटांवर ठेवलं. लाकडं कोरडी निघाली, जाळ एकदम वर आला. पातेलं खाली घेईतो आतली कल्हई वितळून बुडाशी थेंब थेंब जमली होती. तिनं ते पालथं घातलं, पालथंच ठेवलं. बायांनी त्या साली बाहेरूनच घासलं. कल्हईवाला तिनं शोधला, पण पूर्वी दारात ओरडत फिरणारी ती माणसं आता कुठं राहिली होती?

फेब्रुवारी २०२० मध्ये संघप्रियाचं लग्न ठरलं. याच कोंडाळ्यात अभ्यास करून ती कृषी अधिकारी झाली होती. तानूबाईनं निरोप धाडला: पातेलं पाहिजे. डाळ त्यातच शिजणार.

चिमणाबाई धावत तिच्याकडं गेली. "अक्का, दुसरी ने की. ते लई जड हाय."

शब्द तोंडातून गेले आणि तिला झुंबरबाई आठवली.

"सगळ्या गावाला झेपलं आणि मला जड व्हय?" तानूबाई हसली. "तू पैला घास खायाचा कवाचा बोललीस. बारशात खाल्लास म्हन. आता नातीच्या लग्नात माझ्या हातनं खा."

लग्नाच्या सकाळी पातेलं मांडवामागं आलं. कुरुंदवाडचा आचारी आणला होता. त्यानं आत हात फिरवला, पातेलं उन्हाकडं तिरकं केलं आणि तानूबाईला हाक मारली. ती काठी टेकत आली. मागोमाग चिमणाबाई.

"मावशी, ह्यात डाळ शिजवता येनार न्हाई. कळकंल. कल्हई गेल्या सगळी. हे थेंब बघा. रिकामं तापवलंय कुनी तरी."

"वापरून गेली आसंल," तानूबाई म्हणाली. "धा वर्सं चालू हाय."

"वापरून?" आचारी हसला. "मावशी, ह्यात डाव कवाच फिरल्याला न्हाई. एक चरा दावा मला. माझं आयुष्य गेलं भांड्यात. हे कोरं हाय."

तानूबाईचंही आयुष्य भांड्यातच गेलं होतं. ती वाकली. तिनं बोटानं एक थेंब दाबला, नखानं बुड खरवडून बघितलं. तिला वेळ लागला नाही. मांडवात पोरं नाचत होती, वाजंत्री लागलं होतं.

"चिमणे. किती पंगती झाल्या ह्यात?"

चिमणाबाईनं मान खाली घातली. "एक बी न्हाई."

"बारसं?"

"न्हाई."

"मग काळं कुनी केलं बूड?"

"मी. दर दसऱ्याला. अक्का, तुला वाईट वाटू न्हाई म्हनून मी..."

तानूबाई बराच वेळ नाव वाचत राहिली, जणू पहिल्यांदाच वाचते आहे. मग म्हणाली, "वरच्या गल्लीनं न्हाई नेलं, त्याचं मला काय नवल न्हाई. कोंडाळ्यावर मी चार वर्सं मागं थांबल्याली बाई हाय. मला सांगितलं असतंस तर दोघी मिळून भांडलो असतो. रांग मोडली की न्हाई आपण? पन तू मला हसवत बसलीस. मी हसत व्हते आणि तू बघत व्हतीस."

"अक्का..."

तानूबाईनं आचाऱ्याला दुसरी भांडी घ्यायला सांगितलं. काठी उचलली. जाताना वळली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि अनोळखी माणसाला बोलावं तशी, अगदी नीट, अदबीनं म्हणाली, "बसा पावणं. लगीन लागलं की जेवून जावा."

त्यानंतर सारे आपापल्या वाटेला लागले.

पातेल्याला धम्मपालनं कल्हई करून घेतली आणि ते कुरुंदवाडच्या अंगाला, तानूबाईच्या माहेरच्या गावातल्या विहाराला दिलं. तिथं दर पौर्णिमेला त्यात खीर होते.

तानूबाई पुढं तीन वर्षं जगली. कोंडाळ्याच्या अंगणात ती पुन्हा आली नाही, दसऱ्यालाही नाही. वाटेत चिमणाबाई भेटली तर थांबायची, "बरं हाय का तुमचं?" विचारायची. चिमणे म्हणून तिनं परत कधी हाक मारली नाही, आणि आकारामाची बायको म्हणूनही नाही.

संघप्रिया साताऱ्याकडं नोकरीला आहे. मुलीला घेऊन वर्षातून एकदा येते, खालच्या गल्लीत राहते आणि जाते.

आकाराम करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. नगरसेवकानं कोंडाळ्यावर त्याच्या नावाची पाटी लावली. आतली भिंत गुलाबी केली. निळी अक्षरं, झाकलेली आणि न झाकलेली, सगळी गेली. मुली जिथं वाचायच्या तिथं व्यायामाची यंत्रं आहेत. राजवीर आणि त्याचे मित्र आता तिथंच असतात. नावाची सगळी जुनी भांडी संयोगितानं पुढाकार घेऊन मोडीत काढली. कार्याला आता ठेकेदार जेवण आणतो. स्टीलची भांडी, त्यांवर नाव नाही, कुणी शिजवलं ते कुणी विचारत नाही.

झुंबरबाईला सुना विचारत नाहीत. तिला महिन्याचा डबा लावला आहे. डबा करणारी पूर्णिमा खालच्या गल्लीतली. हे झुंबरबाईला कुणी सांगितलेलं नाही. चिमणाबाईला माहीत आहे, तीही गप्प आहे.

चिमणाबाईच्या कमरेला ती किल्ली अजून आहे. कुलूप कधीच बदललं. तानूबाई गेली त्याच्या पुढच्या वैशाखात ती एकटी एसटीनं त्या विहारापाशी गेली. बाहेर झाडाखाली पातेलं चुलीवर होतं, बुडापासून कडेपर्यंत काळं. नावातली अक्षरं तेवढी वाचता येत होती. पंगत बसत होती. एक बाई हात पुसत पुढं आली. "या पावणं, बसा. खीर घ्या."

चिमणाबाईचा पाय उचलला होता. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"नगं बाई. माझा उपास हाय."

ती तशीच स्टँडवर आली. परतीची गाडी यायला दोन तास होते. तिनं भजी घेतली आणि बाकावर बसून खाल्ली.